माशांसाठी अकरा क्युसेक

नदी कुणाचीच नसते. माणूस तिच्या काठावर घटकाभर उभा राहतो, ती त्याला त्याचंच तोंड दाखवते आणि पुढे निघून जाते.

हे वाक्य रॉइस टिबेट्सने आपल्या निवृत्तीच्या भाषणासाठी लिहून ठेवलं होतं. निवृत्तीला अजून चौदा महिने होते, पण अशी वाक्यं ऐनवेळी सुचत नाहीत. आरशासमोर त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि दुसऱ्या खेपेला त्याचा त्यालाच गळा दाटून आला. मग त्याने टोपी चढवली, पिकअपमध्ये फावडं टाकलं आणि नदी कुणाची, किती, आणि गुरुवारी दुपारी दोनपर्यंत की तीनपर्यंत, हे ठरवायला तो कामावर निघून गेला.

रॉइस त्या खोऱ्याचा पाटकरी होता. सरकारी कागदावर त्याच्या हुद्द्याचं नाव दीड ओळीचं होतं, पण काम एवढंच, की कुणाच्या पाटाचं दार किती इंच वर आणि कुणाचं किती खाली. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याला दोनदा कुत्रं चावलं होतं आणि एकदा कुत्र्याचा मालक.

आणि नदी म्हणजे तरी काय, तर स्पूनरचा ओढा. मे महिन्यात डोंगरावरचं बर्फ वितळलं की घोडा वाहून जाईल एवढा, आणि ऑगस्टात घोड्याची तहान भागेल एवढा. १८८४ साली स्पूनर नावाचा एक गृहस्थ इथे आला आणि काठच्या कॉटनवुडच्या झाडाला त्याने खिळ्याने एक चिठ्ठी ठोकली, की या ओढ्यातलं नऊ क्युसेक पाणी माझं. दोन हिवाळ्यांत कंटाळून तो निघून गेला. चिठ्ठी राहिली. त्याच्या आधी इथे माणसं राहत होती, आणि त्यांच्याही आधी मासे. पण खिळा घेऊन स्पूनरच पहिला आला, आणि खोऱ्याचा सगळा कायदा अजून त्या एका खिळ्याला टांगलेला आहे. आधी आला त्याचं पाणी आधी. त्याचं भागलं की दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. शेवटच्याने आकाशाकडे बघावं.

या कायद्याला एक शेपूट आहे. सलग पाच वर्षं पाणी वापरलं नाही, तर हक्क मेला. म्हणून खोऱ्यात हजेरीची पद्धत आहे. शेती असो नसो, जुलैत एक दिवस प्रत्येक जण आपल्या पाटाचं दार उघडतो. प्रॅथर बहिणींनी गाई विकल्याला वीस वर्षं झाली. दोघी दरवर्षी एका गंजक्या ट्रॅक्टरला पाणी पाजतात. शहरातून आलेला दातांचा डॉक्टर मोठ्या भक्तिभावाने काटेरी झुडपं भिजवतो. रॉइस शेजारी उभा राहतो, कुणीतरी दिलेली कॉफी पितो आणि वहीत लिहितो, ‘वापर झाला.’ याला कुणी खोटं म्हणत नाही. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला फुलं देतात, त्यातलाच प्रकार.

हजेरी न लावणारा खोऱ्यात एकच माणूस होता. तो नेमका रॉइसचा मेव्हणा.

डेलमर स्ट्राउड. स्पूनरचं नऊ क्युसेक फिरत फिरत त्याच्याकडे आलं होतं. शहात्तरीचा, उंच, आणि बोलण्यात एवढा काटकसरी, की लग्नात पाद्र्याला ‘हो’ दोनदा विचारावं लागलं होतं. त्याची बायको व्हर्ला ही रॉइसची मोठी बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे रॉइसला बुटाची नाडी बांधायला व्हर्लाने शिकवलं. खोटं बोलला की थोबाडीतही तिनेच मारली. ती डावखुरी होती, त्यामुळे मार नेहमी अनपेक्षित बाजूने यायचा.

व्हर्लाला एकच छंद होता. सप्टेंबर लागला की ती स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलून ओढ्याकाठी नेऊन ठेवायची. त्या खुर्चीचा मागचा पाय डेलमरने दुरुस्त करताना बोटभर आखूड करून ठेवला होता. घरात ती डुगडुगायची, कागदाची घडी घालून ठेवावी लागायची. काठच्या ओल्या मातीत मात्र छान रुतून बसायची. व्हर्ला तिथे बसून ट्राऊट माशांची घरटी मोजायची. अंड्यांवर आलेली मादी आडवी होते, शेपटीने गोटे उडवून तळाशी खळगा करते, अंडी घालते, वर पुन्हा बारीक खडी ओढते. तळावर एक उजळ गोल दिसतो. व्हर्ला ते गोल मोजायची आणि पशुखाद्याच्या दुकानातून फुकट मिळणाऱ्या कॅलेंडरवर, त्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहायची. तीन. चार. एका वर्षी दोन. डेलमरचं गवत नऊ क्युसेक पिऊन घ्यायचं आणि खाली झऱ्यांचं दोन क्युसेक उरायचं, त्यात याहून जास्त घरटी होणार कुठून? ती कधी काही बोलली नाही. बोलली असती, तर डेलमरला भांडता तरी आलं असतं.

शेवटच्या वसंतात, दवाखान्यात, ती बोलली.

“डेल, या वर्षी दार नको उघडूस. पाणी राहू दे तिथंच.”

“बरं.”

“या वर्षी म्हणजे, नंतरही.”

“बरं म्हटलं ना.”

“शब्द?”

“शब्द.”

चाळीस वर्षांच्या संसारातला हा त्यांचा सगळ्यात लांब संवाद असावा. ती गेली त्या आठवड्यात डेलमरने गाई विकल्या, दार खाली पाडलं, ते फिरवायचा लोखंडी दांडा काढून आणला आणि चमच्यांच्या खणात टाकला.

मग सप्टेंबरात खुर्ची घेऊन तो स्वतः काठावर जाऊन बसला. पहिल्या वर्षी कॅलेंडरवर सहा आलं. मग नऊ. मग चौदा, सतरा, तेवीस. सहाव्या वर्षी एकतीस.

आता रॉइसबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, जी खोऱ्यात कुणालाच माहीत नव्हती. त्याच्या पिकअपच्या समोरच्या कप्प्यात, टॉर्च आणि कुत्र्यांसाठीच्या बिस्किटांच्या खाली, दोन पानी एक अर्ज होता. ‘पाणी पाटात न घेता ओढ्यातच ठेवणेबाबत.’ हक्कदाराने तो भरून सही केली, की बंद दार हेसुद्धा वापर धरलं जातं. हक्क जिवंत राहतो, आणि मासे स्पूनरच्या तारखेला रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे राहतात. पाटकऱ्याला हे माहीत नसेल तर कुणाला असणार? व्हर्लाच्या दफनाला महिना झाला तेव्हाच रॉइस तो घेऊन गेला होता. डेलमर नुसताच काठावर बसला होता. पाण्याकडे बघत होता आणि ओठ हलत होते. मोजत होता की बोलत होता, कळेना. अशा माणसाला मध्येच ‘रकाना क्रमांक चार’ कसं सांगायचं? रॉइस थोडा वेळ उभा राहिला आणि परत फिरला. पुढच्या वर्षी म्हटलं, पाच वर्षं आहेत की. त्याच्या पुढच्या वर्षी म्हटलं, अजून तीन आहेत. डेलमर सरकारी कागदाला हात लावत नाही, हे कारणही हाताशी होतं. पण खरं कारण एवढंच होतं, की त्या अर्जात ‘हक्कदाराची पत्नी (असल्यास)’ असा एक रकाना होता.

सहाव्या वर्षी मारेन लिंडक्विस्ट आली.

ओढ्यातल्या माशांना नेमकं किती पाणी लागतं हे ठरवायला सरकारने तिला पाठवलं होतं. तिशीची, छातीपर्यंत रबरी विजार चढवलेली, बोलायला मोकळी. या काठापासून त्या काठापर्यंत ती फीत ताणायची आणि दर फुटाला थांबून दांड्याने खोली आणि फिरकीने वेग मोजायची. उन्हाळाभर तिने हेच केलं. डेलमर खुर्चीवरून बघायचा. पहिले दोन आठवडे तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, “तिथं खोल आहे,” आणि ती कमरेपर्यंत आत गेल्यावर म्हणाला, “सांगितलं होतं.” त्या दिवसापासून त्यांचं जमलं.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी तिने आकडा काढला. रॉइसही तिथे होता.

“अकरा,” ती म्हणाली. “अकरा क्युसेक असेल तर सगळ्यात उथळ जागेवरूनही मादी पाठ न खरवडता वर येते. आठच्या खाली गेलं की खडी उघडी पडते. पाचच्या खाली पाणी तापतं. दोनवर, माफ करा, पण दोनवर काही नाही.”

“माशांना विचारलंस?” डेलमरने विचारलं.

“त्यांना विचारूनच सांगतेय.”

“आत्ता किती आहे?”

“तेच तर! तुमचं न घेतलेलं नऊ आणि झऱ्यांचं दोन. अकरा.”

डेलमर पाण्याकडे वळून बसला. मग म्हणाला, “व्हर्लाने पाणी कधी मोजलं नव्हतं. तिला गणित यायचं नाही.”

मारेनने व्हर्लाची सगळी कॅलेंडरं पाहिली होती. मोठमोठ्या यंत्रांनी केलेल्या कामात सापडत नाही असं काहीतरी त्या खाद्याच्या दुकानाच्या कॅलेंडरांत आहे, असं ती म्हणायची आणि दर वेळी हात पुसून मगच पान उलटायची. आता ती रॉइसकडे वळली.

“माशांसाठी नवा हक्क मागायचा म्हटला तर त्यावर आजची तारीख पडेल. म्हणजे रांगेत सगळ्यांच्या मागे. ऑगस्टात त्याचा उपयोग शून्य. म्हणून सगळं डेलमर यांच्या १८८४ वर उभं आहे. त्यांचा अर्ज आहेच ना? पाणी ओढ्यात ठेवायचा? मला कार्यालयात सापडला नाही.”

रॉइसला खोकला आला. एवढा आला, की मारेनने त्याला पाठीत थोपटलं.

“कसला अर्ज?” डेलमर म्हणाला.

खोकला थांबेपर्यंत मारेनला सगळं कळलं होतं. फीत गुंडाळत राहिली. गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिली.

आठच दिवसांत वेंडेल क्रूगची नोटीस आली, की पाच वर्षं उलटली, स्ट्राउडचा हक्क मेला.

क्रूगला खलनायक करायची सोय नाही, याचं लेखकाला वाईट वाटतं. तो ओढ्यावर डेलमरच्या वरच्या अंगाला राहायचा. त्याचा हक्क १८९१ चा, रांगेत दुसरा. दर उन्हाळ्यात रॉइस त्याचं दार अर्ध्यावर आणून कुलूप लावायचा, कारण पहिल्या हक्कदाराचं नऊ क्युसेक खाली जाऊ द्यायला हवं. आणि गेली सहा वर्षं ते नऊ क्युसेक पहिल्या हक्कदाराच्या बंद दारासमोरून खळखळत निघून जाताना क्रूगला आपल्या कुंपणावरून दिसायचं. पाठीमागे त्याचं गवत वाळायचं. तीन मुलं, दोनशे गाई. व्हर्लाच्या दफनाला शवपेटी उचलणाऱ्यांत तो होता.

“रॉइस, मी सहा वर्षं थांबलो,” तो म्हणाला. “पाच झाल्यावर लगेच नाही आलो. सहा थांबलो. व्हर्लासाठी.”

“माहीत आहे.”

“तू त्याला एक दिवस दार उघडायला का नाही लावलंस? मी काय बोललो असतो का?”

उत्तर रॉइसच्या पिकअपच्या कप्प्यात होतं, पण पाच वर्षं उलटल्यावर ते चालण्यासारखं नव्हतं आणि दाखवण्यासारखंही नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दुपारी तो डेलमरकडे गेला. डेलमर शेगडीवर सूप ढवळत होता.

“डेल, उद्या ते एकच विचारतील. दार शेवटचं कधी उघडलं. तू म्हणायचं, दर जुलैत एक दिवस.”

“का?”

“कारण सगळे तेच म्हणतात!”

“मी नाही उघडलं.”

“मला माहीत आहे तू नाही उघडलंस. प्रॅथर बहिणींच्या ट्रॅक्टरला पाणी लागत नाही हेही मला माहीत आहे. खोऱ्यात कुणाला काय माहीत आहे हा प्रश्न नाही. कागदावर काय आहे हा प्रश्न आहे.”

“वहीत काय लिहिलंयस?”

रॉइसने मान खाली घातली. “‘स्ट्राउड’च्या पुढे काही लिहिलेलंच नाही. सहा वर्षं कोरं आहे. मी साक्षीत सांगेन की उघडं पाहिलं. तू फक्त गप्प बस. तुला तेवढं एकच तर नीट येतं.”

डेलमरने सुपाची चव घेतली, मीठ घातलं. “सूप घेशील?” म्हणाला.

रॉइसला वाटलं, हा होकार आहे.

सुनावणी शेतकऱ्यांच्या सभागृहात झाली. भिंतीवर गेल्या वर्षीच्या भोपळा स्पर्धेचे फोटो होते. राजधानीतून आलेल्या अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. मारेनने तक्ते लावले, अकरा क्युसेकचा हिशेब मांडला, आणि लोकांनी तो खरोखरच लक्ष देऊन ऐकला, कारण हकलबेरीची गोड पाई त्यानंतरच खायला मिळणार होती. ती बसली तेव्हा थोरल्या प्रॅथर बाई मागून म्हणाल्या, “पोरगी हुशार आहे, पण जेवत नाही वाटतं.”

मग क्रूगच्या वकिलाने पाटकऱ्याला बोलावलं.

रॉइसने हात वर करून शपथ घेतली. एकतीस वर्षांत तो शेकडो वेळा बारीकसारीक खोटं बोलला होता, पण सगळं दुसऱ्यांसाठी, आणि सगळं वहीत. तोंडाने, शपथेवर, हे पहिलंच. त्याच्या उजव्या गालाला उगाचच झिणझिण्या आल्या.

“श्री. स्ट्राउड यांचं दार गेल्या सहा वर्षांत उघडलेलं तुम्ही पाहिलं?”

“पाहिलं.”

“कधी?”

“दर जुलैत. एक दिवस. सकाळपासून... तिन्हीसांजेपर्यंत.”

“वहीत नोंद नाही.”

“माझी मेव्हण्याच्या घरची फेरी. नोंद काय करायची? कॉफी प्यायचो, सूप प्यायचो. दार उघडं होतं.”

सभागृहात साठ माणसं होती, आणि साठच्या साठ जणांना हे खोटं आहे हे माहीत होतं. एकानेही पापणी हलवली नाही. खुद्द क्रूग छताकडे बघत होता, आणि रॉइसला दिसलं, की त्याचे खांदे सैल पडले आहेत. हरल्यासारखे नव्हे, सुटल्यासारखे. अधिकारी बाईंनी नाक पुसलं, काहीतरी लिहिलं, आणि एक क्षणभर, एक पूर्ण क्षणभर, स्पूनरच्या ओढ्यात अकरा क्युसेक पाणी कायमचं होतं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली.

“खोटं बोलतोय तो,” डेलमर म्हणाला.

“श्री. स्ट्राउड, तुमची पाळी...”

“मी दार उघडलं नाही. एक दिवस नाही. एक तास नाही.” त्याचा आवाज चढला होता. डेलमरचा आवाज चढलेला तोवर कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे तो कुणाचा आहे हे बघायला लोक माना वळवत होते. “रॉइस, तुझ्या सख्ख्या बहिणीला मी शब्द दिला होता. आणि तू इथे, सगळ्या गावासमोर, देवाची शपथ घेऊन सांगतोस की मी तो दर जुलैत मोडत होतो?”

“डेल, बस खाली,” रॉइस म्हणाला. “देवासाठी बस.”

“सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत! तिला काय वाटलं असतं?”

तो पुढे आला. काखेत सहा कॅलेंडरं होती. ती त्याने अधिकारी बाईंच्या टेबलावर एकावर एक ठेवली, मुलाने प्रगतिपुस्तक ठेवावं तशी. “बघा. दर सप्टेंबरचा आकडा आहे. आणि दर जुलैत, पहिल्यापासून शेवटच्या चौकोनापर्यंत, हे माझं अक्षर. ‘बंद. बंद. बंद.’ रोज जाऊन बघायचो. सहा, नऊ, चौदा, सतरा, तेवीस, एकतीस. दार उघडलं असतं तर एकतीस आली असती का? विचारा हिला.”

अधिकारी बाईंनी मारेनकडे पाहिलं. मारेनने समोरची पानं चाळली. एकतीस घरटी ही तिच्या अहवालातली सगळ्यात भक्कम गोष्ट होती, आणि नवव्या पानावर तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘सलग सहा वर्षं दार बंद असल्याचा हा परिणाम होय.’

“नसती आली,” ती म्हणाली.

वकिलाने आणखी काही विचारलं नाही. त्यालाही विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. डेलमर टेबलासमोर ताठ उभा होता. तो जिंकला होता. व्हर्लाला दिलेला शब्द त्याने पाळला होता, आणि आता ते सरकारी कागदावर, सही-शिक्क्यानिशी, सिद्ध झालं होतं. हक्क मेल्याचा निर्णय तीन आठवड्यांनी टपालाने आला.

रॉइसच्या साक्षीचं काय करावं हा प्रश्न खात्यालाही पडला. शेवटी तिची वयोमानाने झालेली विस्मृती म्हणून नोंद झाली आणि पुढचा उन्हाळा संपताच, मुदतीच्या चार महिने आधी, त्याला निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. छोट्याशा समारंभात त्याला पितळेची एक पाटी दिली. तिच्यावर ‘अचूकतेबद्दल’ असं कोरलं होतं. ते नदीचं भाषण त्याने केलं नाही. “कॉफी छान होती,” म्हणाला आणि बसला.

पण त्याआधी तो उन्हाळा यायचा होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रॉइस क्रूगच्या दाराशी गेला. नोकरीतलं त्याचं शेवटचं मोठं काम. त्याने कुलूप काढलं, चाक फिरवलं, आणि ऐन उन्हाळ्यात पहिल्यांदाच ते दार पूर्ण वर गेलं. पाणी ओढ्यातून वळलं आणि क्रूगच्या पाटात शिरलं. मुकाट्याने, कोंबड्या सवयीने खुराड्यात शिरतात तसं. क्रूग शेजारी टोपी हातात घेऊन उभा होता.

“थोडं सोडू का खाली?” त्याने विचारलं. “एखादं क्युसेक?”

“सोड. पण सोडलंस तर पाच वर्षांनी तुझ्याखालचा नोटीस पाठवेल.”

क्रूगने टोपी घातली.

ऑगस्टात झऱ्यांचं दोन क्युसेक उरलं. तेसुद्धा डेलमरच्या घरापर्यंत येईना. मागे नऊचं बळ नव्हतं, त्यामुळे वरच्याच वळणावर खडीत जिरून जायचं. मारेन बादल्या घेऊन आली. डबक्यांत अडकलेले ट्राऊट तिने, रॉइसने आणि, न बोलावता आलेल्या, क्रूगच्या बायकोने उचलले आणि बारा मैलांवरच्या मोठ्या नदीत नेऊन सोडले. जेवढे तग धरून होते तेवढे. डेलमरने एक बादली उचलली, दहा पावलं चालला, खाली ठेवली. “यांना तिथली वाट माहीत नाही,” म्हणाला. पुन्हा उचलली नाही.

मारेन जाताना त्याला काहीतरी सांगायला थांबली होती. पण बराच वेळ ती नुसतीच फीत गुंडाळत राहिली आणि मग गाडीत जाऊन बसली.

सप्टेंबर लागला. पितळेची पाटी मिळून आठवडा झाला होता. रॉइस सकाळी उठला, दाढी केली, रविवारचा सदरा घातला आणि पिकअपच्या कप्प्यातून तो अर्ज काढला. सात वर्षांत तो बिस्किटांच्या चुऱ्याने पिवळा पडला होता. घडी घालून त्याने तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. आज सांगायचंच, असं त्याने ठरवलं होतं. डेल, हा कागद माझ्याजवळ होता. पहिल्या महिन्यापासून होता. एक सही लागत होती. खोटं बोलायची गरजच पडली नसती. ओढा तू नाही घालवलास, मी घालवला.

वाटेत त्याने हे चार वेळा म्हणून पाहिलं. एकदाही गळा दाटून आला नाही, कोरडा पडला.

डेलमर काठावर खुर्ची टाकून बसला होता. समोर पांढरे गोटे उन्हात तापले होते. मध्येच कुठेतरी वाळकं शेवाळ होतं, त्यावर माश्या. मांडीवर या वर्षीचं कॅलेंडर होतं, सप्टेंबर वर काढलेला. पहिल्या तारखेच्या चौकोनात शून्य होतं. दुसऱ्या. तिसऱ्या. रोजचं, नीट, गोल काढलेलं.

रॉइस शेजारी उभा राहिला. डेलमरच म्हणाला, “तिकडे बघ. त्या चपट्या दगडाजवळ. गेल्या वर्षी तिथं तीन होती. लागून लागून.”

“डेल, मला एक सांगायचंय तुला.”

“सांग.”

“व्हर्ला गेली ना, त्यानंतर...” रॉइसने खिशातून कागद काढला. “तेव्हापासून माझ्याकडे... म्हणजे मी तुला आधीच... हे सगळं, डेल, हा ओढा, ही घरटी, व्हर्लाचं...”

डेलमरने वर पाहिलं. आधी त्याच्या तोंडाकडे, मग हाताकडे. मग तो खुर्चीवर जरा मागे रेलला, आणि खुर्ची एका अंगाला कलली. वाळलेल्या मातीत ती आता रुतत नव्हती.

“ते राहू दे,” डेलमर म्हणाला. “हा मागचा पाय डुगडुगतोय सकाळपासून. तो कागद कामाचा नसेल, तर चार घड्या घालून खाली सरकव जरा.”